हिरवा दिवा मीच लावला होता

मी जहाजाच्या डोलकाठीवरची पाती बोलतेय. शाळेच्या पुस्तकात मला वातकुक्कुट म्हणतात, पण मला ना चोच आहे, ना तुरा. एक पातळ शेपूट आणि खाली एक खुंटी, एवढीच मी. वारा येईल तिकडे तोंड करायचं, हा माझा जन्माचा धंदा.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने फुंकर मारून मला फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हलकी झालीय पोर. खोटं बोलणार नाही." ते शब्द आता मला टोचतात.

आमच्या जहाजावर हवेतले कण गोळा करतात. भर समुद्रात हवा अगदी स्वच्छ असते असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. वारा वाढला की लाटा फुटतात, फेसातून बारीक तुषार उडतात, आणि त्यांचं पाणी सुकलं की उरलेले मिठाचे कण वाऱ्याबरोबर कुठच्या कुठे जातात. जोराच्या वाऱ्यात हे मीठ किती वाढतं, तेच आमच्या संशोधक बाईंना मोजायचं होतं.

माझ्या शेजारच्या नळीतून पंप हवा ओढतो आणि कण पांढऱ्या गाळणकागदावर बसतात. वारा समोरून आला की माझ्या इशाऱ्यावर पंप चालू होतो आणि खाली हिरवा दिवा लागतो. मागून आला तर जहाजाचाच धूर नळीत शिरेल, म्हणून पंप बंद आणि दिवा लाल. इंजिनवाले काका धुराड्यातली काजळीसुद्धा लाल दिवा बघूनच झाडायचे. सगळे माझ्या शब्दावर चालायचे, आणि खरं सांगते, मी चांगलीच शेफारले होते.

काका रोज संध्याकाळी चहाचे दोन पेले घेऊन वर यायचे. एक त्यांचा, एक बाईंचा.

"काय म्हणतंय तुझं मीठ, पोरी?"

"वाढलंय काका. चिमूटभर चहात टाकू?"

मग वादळ आलं. बाई ज्याची वाट बघत होत्या, तोच वारा. डेकवर जायला सगळ्यांना बंदी होती. मिठाने माझी खुंटी आवळली आणि मी पुढे तोंड करून अडकले. तेवढ्यात वारा फिरून मागून यायला लागला. मी जिवाच्या आकांताने जोर लावला, पण तसूभरही हलले नाही. खाली हिरवा दिवा तसाच होता, आणि पंप आमचाच धूर पीत राहिला.

कागद निघाला तो काळाकुट्ट. असा वारा त्या सफरीत पुन्हा मिळणार नव्हता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, हिरव्या दिव्यात धुराडं झाडलंत ना?"

"अगं, हातसुद्धा लावला नाही मी."

"मग ही काजळी काय आभाळातून पडली?"

काका म्हणाले, "वरची पाती बघ एकदा. अडकली असेल."

वर चढायची परवानगी मिळेपर्यंत पावसाची एक मोठी सर येऊन गेली होती. माझ्या अंगावरचं सगळं मीठ धुऊन गेलं होतं. बाईंनी बोट लावलं आणि मी गर्रकन फिरले. त्या वेळी तरी अडकायला हवं होतं मी!

"बघा काका, लोण्यासारखी फिरतेय," त्या वरून ओरडल्या.

"बरं, मॅडम," काका म्हणाले. त्याआधी त्यांनी बाईंना कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

मी अजून इथेच आहे. लोक अजूनही दिव्याकडे बघूनच कामं करतात. माझं एवढंच मागणं आहे, कुणाला खोटं ठरवण्याआधी एकदा बाहेर येऊन गालावर वारा घेऊन बघा.

काका संध्याकाळी वर येतात, एकच पेला घेऊन. कठड्याशी उभं राहून बोट ओलं करतात, हवेत धरतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी अगदी बरोबर दिशेला असते. मला ओरडून सांगावंसं वाटतं, काका, तुम्ही खरं बोलला होतात. पण मला फक्त वळता येतं.