साडेचव्वेचाळीस

"बाबा, लिवून घ्या. छाती साडेचव्वेचाळीस," परेश फोनवर म्हणाला.

दिनानाथांनी वही ओढली. लेकाने तिकडे माप घ्यायचं आणि बापाने इकडे चौलला ते उतरवायचं, हा दोघांचा चार वर्षांचा रिवाज. समुद्रापलीकडच्या त्या देशात लष्कराचे कपडे शिवण्यात दिनानाथांची बावीस वर्षं गेली होती. आता त्याच मशीनवर परेश बसत होता.

सून प्रणाली मोबाइलवर कालचा शपथविधी बघत होती. तिथले जनरल राष्ट्राध्यक्ष झाले होते. "मामा, ह्यांची वर्दी तुम्हीच शिवायचात ना?" ती कौतुकाने म्हणाली.

शिवायचे तर! कॅप्टन असताना गडी पार हडकुळा होता. मग मेजर झाला, कर्नल झाला. दर बढतीला खांद्यावरच्या पट्ट्या दिनानाथांनीच बदलल्या. आणि दर बढतीच्या आसपास त्याच्या वरच्या एखाद्या साहेबाची इस्त्री केलेली वर्दी दुकानाच्या खुंटीवर तशीच राहायची. न्यायला कुणी यायचं नाही. अशा सात झाल्या. दिनानाथांनी कधी विचारलं नाही. पगार वेळेवर होत होता. त्याची त्यांना आजही लाज वाटते.

"कुनाची रं छाती?"

"जनरलसायबांची."

दिनानाथांनी जुनं पान काढलं. "एकेचाळीस हाय त्यांची. एवढी कशी वाढली?"

"वाढली न्हाय. आतून गोळी अडवायचं जाकीट घालतात. कुनाला बोलू नको म्हनालेत."

दिनानाथांनी वही मिटली. "आनि फोनवर बोलतोस? तिथं फोन कोन कोन ऐकतं, ठाव न्हाय तुला?"

"तुम्हीच इचारलंत ना, बाबा."

"कात्री ठेव खाली. मिळंल त्या इमानानं घरी ये."

"पासपोर्ट सायबांकडं जमा हाय... थांबा हां, दारात कुनीतरी आलंय."

फोन बंद झाला.

आज चौथा दिवस. प्रणाली सारखी नंबर लावते आहे. बावीस वर्षांत एकही प्रश्न न विचारलेल्या दिनानाथांनी पहिला प्रश्न विचारला, तो पोटच्या पोराला.

शिमग्याला येणाऱ्या परेशसाठी त्यांनी सदरा शिवून ठेवला होता. प्रणालीने त्याला इस्त्री केली आणि ती खुंटीकडे वळली.

"खुंटीला नको!" दिनानाथ ओरडले.

त्यांनी सदरा तिच्या हातून घेतला, एक बाही उसवली, आणि पुन्हा शिवायला बसले.