तिसरा फटका

मी एक जुना वेत आहे, आणि खरे सांगायचे तर अर्धाच. उरलेला अर्धा कुठे गेला ते ऐकायला तुम्हाला शेवटपर्यंत बसावे लागेल, मित्रांनो.

माझा जन्मच मारण्यासाठी झाला. कारागिराने मला भिजवले, आगीवर धरून सरळ केले, मुठीला चामडे गुंडाळले आणि पहिला फटका स्वतःच्याच पोटरीवर मारून पाहिला. तो कळवळला आणि खूश झाला. पुढे गालिचे धुणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतले. त्याच्या अंगणात तारांवर मोठमोठे गालिचे वाळत असत. सकाळी मालक बाह्या सरसावून मला उचलत आणि आम्ही दोघे त्या गालिच्यांवर तुटून पडत असू. फाड! फाड! शेजारी धडाधड खिडक्या लावून घेत. "या वेतासारखा नोकर शोधून सापडणार नाही," मालक म्हणत, आणि मी फुशारून जाई. दयामाया मला ठाऊक नव्हती. गालिचेही कधी रडले नाहीत.

मालकांची नऊ वर्षांची मुलगी या धुळीतच वाढली. तिला आई नव्हती, आत्या सांभाळायची. गल्लीत सगळे तिला शिंकाबाई म्हणत. वर्षभर धुळीत लोळूनही तिला काही होत नसे. पण कुंपणापलीकडच्या मैदानात गवताला तुरे आले, की महिना-दीड महिना तिचे हाल कुत्रे खात नसे. डोळे लालभडक, एका दमात वीस-वीस शिंका, झोपेत छातीत शिट्टी. दवाखान्यातून श्वासाने ओढायच्या औषधाचा पंप मिळाला होता. तो आत्याने काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला.

"एकदा सवय लागली की सुटायची नाही," ती म्हणाली.

मालकांचे म्हणणे वेगळेच होते. "वर्षभर हीच धूळ खाते, तेव्हा ठणठणीत असते. परीक्षा आली की बरोबर शिंका सुटतात! नाटकं आहेत सगळी."

त्या सकाळी वारा सुटला होता. तारेवरचा पांढरा गालिचा संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायचा होता. "धर ते टोक," मालक म्हणाले. माझ्या पहिल्याच फटक्याला पिवळसर भुकटी उडाली. आम्हाला ती धूळच वाटली. मुलगी शिंकू लागली, थांबेचना. टोक हातातून सुटले आणि गालिचा चिखलात पडला.

"मुद्दाम केलंस!" मालक ओरडले.

"बाबा, मला श्वास..."

"गप्प! आज नाटक उतरवतोच तुझं."

पहिला फटका पाठीवर बसला. ती किंचाळली. दुसऱ्याने दंडाची कातडी फोडली. तिसरा पुन्हा पाठीवर, आणि तिसऱ्याला ती रडली नाही. मला वाटले, वठणीवर आली. मित्रांनो, रडायला लागतो तेवढा श्वासही तिच्याकडे उरला नव्हता. ती चिखलात कोसळली. ओठ निळे पडले होते.

"दादा, मारलीस रे पोरीला!" आत्या घरात धावली. किल्ली सापडेना, तेव्हा तिने कपाटाची काच मुठीने फोडली. रक्ताळलेल्या हातानेच तिने तो पंप भाचीच्या तोंडाला लावला. शेजाऱ्याने गाडी काढली. मालकांची मूठ सुटतच नव्हती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो.

मुलीचा श्वास सुरळीत झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवरचे वळ पाहिले. मग मला पाहिले.

"कुणी केलं हे?"

"मी," मालक म्हणाले. आत्यानेही पंप कुलपात का ठेवला होता ते सांगून टाकले.

"हिला धुळीचा त्रास नाही. गवताच्या तुऱ्यांतून पराग उडतात. ते तुमच्या ओल्या गालिच्यांना चिकटतात आणि तुम्ही ते झोडून हिच्या नाकातोंडात घालता. या दिवसांत गालिचे आत वाळवा. सकाळी खिडक्या बंद ठेवा. बाहेरून आली की अंघोळ. रोजचं औषध तुरे यायच्या आधीपासून सुरू करायचं. आणि आत्याबाई, पंपाची सवय लागत नाही हो. श्वासाची लागते."

घरी येताच मालकांनी मला भिंतीवर आपटले, मोडेपर्यंत आपटले. एक तुकडा चुलीत गेला. दुसऱ्यावर कपाळ टेकून ते हमसून हमसून रडले. मला जन्मात पहिल्यांदाच लाज वाटली.

त्याला चार वर्षे झाली. पंप आता दाराजवळच्या खिळ्यावर, मुलीच्या हाताशी असतो. तिच्या खिडकीची कडी सैल आहे. गवत फुलायच्या आधी मालक मला खिडकीच्या फटीत घट्ट ठोकून बसवतात, म्हणजे वाऱ्याने ती उघडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात कुणी ठरावीक दिवसांत शिंकत असेल, धापा टाकत असेल, तर त्याला ढोंगी म्हणू नका. त्याचा श्वास ऐका, औषध त्याच्या हाताशी ठेवा. हे सांगायला मी उरलो आहे.

गवत वाळले की मला खिडकीतून काढतात, तेही मालकच. मुलगी मला अजून हात लावत नाही.