मिळताजुळता आवाज

तिने रुपेरी लॅपटॉपवर 'दूध उतू गेलं' असं टाइप केलं आणि बटण दाबलं.

"दूध उतू गेलं," लॅपटॉपमधली बाई म्हणाली.

"मग गॅस बंद कर," शेजारी उभा असलेला तिचा नवरा म्हणाला. "सांगत काय बसलीस?"

टेबलामागची विक्रेती मुलगी खुदकन हसली. तीही हसली, पण हसू घशात अडकलं आणि खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेपर्यंत त्याने तिच्या कोपरावरचा हात काढला नाही.

दुकानात समोरासमोर दोन टेबलं होती. एकावर रुपेरी लॅपटॉप, दुसऱ्यावर काळे, आणि मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. रुपेरी टेबलाची ही मुलगी आणि काळ्या टेबलाचा दाढीवाला आपापल्या कंपनीने नेमलेले होते. एकाने दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही असा दंडक होता. बोलण्याला मात्र दंडक नव्हता.

"आमची सिस्टिम कधी अडत नाही," मुलगी म्हणाली.

"काही करूच दिलं नाही तर अडेल कशाला?" दाढीवाला तिकडून म्हणाला.

येत्या गुरुवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढून टाकणार होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. दुसऱ्या एखाद्या घरात वहीपेन्सिलीवर भागलं असतं. इथे नवऱ्याला दिसत नव्हतं. काचबिंदूने सहा वर्षांत त्याचे दोन्ही डोळे नेले होते. तिने लिहिलेलं तो वाचू शकणार नव्हता आणि बोलणं तर तिचं जाणार होतं. आंधळ्या-पांगळ्याची जोडी गोष्टीत असते. ही आंधळ्या-मुक्याची होती, आणि तिला घरी जाऊन संसार करायचा होता.

तिने टाइप करायचं आणि यंत्राने बोलायचं, ही युक्ती भाचीची. मोबाइलवरही जमलं असतं, पण तिचे अंगठे सांधेदुखीने धरले होते. दहा बोटांनी मात्र ती अजून झरझर टाइप करायची. "स्वस्तातला घेऊ नकोस, मावशी," भाचीने बजावलं होतं. "स्वस्तातले टाइप केल्यावर दोन-दोन सेकंद विचार करत बसतात." एरवी दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. पण ह्या नवराबायकोला भांडायची सवय होती, आणि भांडणात दोन सेकंद फार होतात. म्हणून घ्यायचा तर उत्तमातला उत्तम, एवढं घरूनच ठरवून आले होते.

दोघंही छापखान्यातली. तो मुद्रितं तपासायचा आणि ती त्याची वाचक. ती मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची, तो समोरच्या प्रुफावर पेन्सिलीचं टोक ठेवून शब्दामागून शब्द पडताळायचा. एकतीस वर्षं हेच चाललं. छापखान्यातल्या टवाळांनी त्याला 'भिंग' म्हणायला सुरुवात केली आणि तिला 'रेडिओ'. भिंगाने रेडिओशी लग्न केलं तेव्हा सगळ्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग वर्गणी काढून टेबलफॅन दिला. डोळे गेल्यावर तो घरी बसला. तेव्हापासून वर्तमानपत्र, पत्रं, औषधांच्या बाटल्यांवरचा बारीक मजकूर, शेजारणीच्या नव्या पडद्यांचा रंग, जे काही त्याच्यापर्यंत पोचायचं ते तिच्या आवाजातून पोचायचं. मरणाची तिला तेवढी भीती वाटत नव्हती. मुकी होऊन त्याच्याच घरात, त्याच्याच समोर बसायचं आणि त्याला आपण आहोत हेही कळायचं नाही, ह्या विचाराने मात्र तिची झोप उडाली होती.

तिचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवावा असंही कुणी सुचवलं होतं. घसा बसून वर्ष झालं होतं, तरी तिने तासभर रेकॉर्डिंग केलं. ते ऐकून तो म्हणाला, "छान आहे. पण ह्याला काही विचारलं तर हे उत्तर देत नाही."

"आता आमचा ऐका," दाढीवाला म्हणाला.

ती नवऱ्याला वाट ओलांडून काळ्या टेबलाकडे घेऊन गेली आणि तेच वाक्य टाइप केलं.

"दूध. उतू. गेलं," एक पुरुषी आवाज म्हणाला. गाडी दोन तास उशिरा धावत असल्याचं सांगावं तसा.

"कुठल्या फलाटावर?" त्याने विचारलं.

दाढीवाला हसला. माणूस प्रामाणिक होता. "काका, स्क्रीन, बॅटरी, वेग, कशातच आम्ही मागे नाही. कीबोर्ड तर आमचाच चांगला. फक्त आपल्या भाषेत आमच्याकडे हा एवढा एकच गृहस्थ आहे. त्यांच्याकडेही एकच बाई आहे. ती बरी बोलते, हे मला कबूल करावंच लागेल."

किमतीतही फारसं अंतर नव्हतं. म्हणजे प्रश्न उरला तो आवाजाचा, आणि तिच्या मते प्रश्न असा काही उरलाच नव्हता.

ती रुपेरी टेबलाकडे परत आली आणि मुलीला म्हणाली, "हिला थोडं सावकाश बोलायला लावता येईल?"

"येईल ना, काकू. वेग इथून. आणि पट्टी इथून."

मग दोघींनी डोकं लावून काम सुरू केलं. तो बाजूच्या उंच स्टुलावर हातावर हात ठेवून बसला होता. वेग कमी केला, तर बाई पेंगुळल्यासारखी बोलू लागली. थोडा वाढवला. पट्टी दोन घरं खाली आणली, मग अर्धं घर वर नेली. प्रत्येक वाक्याआधी श्वास घ्यावा एवढी जागा सोडता येते, हे मुलीने शोधून काढलं. मुलीला स्वतःलाही ते आजवर माहीत नव्हतं. शेजारी ती कान देऊन ऐकत होती. तिला आपला जुना आवाज आठवत होता, घसा बसण्याआधीचा, दिवसाला शंभर पानं वाचणारा. तो ह्या यंत्रातून हळूहळू वर येत होता, आणि कितीतरी दिवसांनी तिला हुरूप आला होता. अर्ध्या तासाने तिने मुलीचा हात दाबला आणि टाइप केलं.

"अहो, ऐकताय ना?" यंत्र म्हणालं.

मुलीने चमकून तिच्याकडे पाहिलं. इतका जवळ आला होता तो आवाज.

तो ताठ झाला. "परत," तो म्हणाला.

"अहो, ऐकताय ना?"

"परत."

तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आता हसेल, मग हसेल. तो स्टुलावरून उतरला, हाताने चाचपत तिचं कोपर शोधलं आणि म्हणाला, "काळा घेऊ."

"काय?"

"काळा. त्यांचा कीबोर्ड चांगला आहे म्हणतात. तुझ्या बोटांना बरा."

तिला वाईट वाटलं. लहान मुलीने चित्र काढून दाखवावं आणि बापाने न बघताच बाजूला ठेवावं, तसं वाईट वाटलं. विक्रेत्या मुलीसमोर तमाशा नको म्हणून तिने त्याला भिंतीजवळच्या बाकाकडे ओढत नेलं.

"कीबोर्डाचं मला सांगू नका. खरं कारण काय ते बोला."

"तो गृहस्थ वाईट नाही. स्पष्ट बोलतो."

"जन्मभर ऐकाल का त्याला? सकाळी उठल्यापासून? मी तुम्हाला चहा झाला म्हणणार आणि गाडी सुटल्यासारखं वाटणार!" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. ती थांबली, घोटभर पाणी प्यायली. "अहो, माझा आवाज तर राहत नाही. दुधाची तहान ताकावरच भागवायची आहे. मग निदान ताक तरी बरं घेऊ या."

"ताकही पांढरंच असतं," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

समोर दाढीवाला आणि मुलगी आपापल्या टेबलांची काच पुसत होते आणि इकडे बघत नसल्याचं दाखवत होते.

"आपल्या छापखान्यात झालेला तो एका डॉक्टरांवरचा स्मरणग्रंथ आठवतो तुला?" त्याने विचारलं. "निळ्या कापडी बांधणीचा?"

"आठवतो. त्याचं काय आता?"

"पहिल्या पानावर त्यांची जन्मतारीख होती. हस्तलिखितात एकोणीस. तू वाचलीस एकोणीस. छापली गेली अठरा. चार प्रुफं माझ्या डोळ्यांखालून गेली आणि चारही वेळा मी ती पास केली."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"अडतीस छापली असती, तर चहावाल्यानेही पकडली असती. अडतीस तारीख असते कुठे? अठरा कुणाला खटकणार? मिळतीजुळती होती ना!" त्याने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, पुढे आणि परत मागे. "पुढे दहा वर्षांनी डॉक्टरांची मुलगी छापखान्यात आली होती. तू त्या दिवशी रजेवर होतीस. मी सहज विचारावं तसं विचारलं, वडिलांचा वाढदिवस कधी असायचा? म्हणाली, अठराला. पोटची मुलगी. लहानपणी एकोणीसला त्या घरात पाहुणे जेवायला यायचे, हे तिनेच त्या ग्रंथात लिहिलं होतं. आणि बोलताना अठरा म्हणाली."

"मग तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही. जीभ रेटली नाही."

इतकी वर्षं हा माणूस ही एक तारीख पोटात घेऊन आपल्या शेजारी झोपत होता, ह्याचं तिला नवल वाटलं. पण राग पुरता गेला नव्हता.

"मी काय छपाईची चूक आहे?"

"तू नाहीस. ती आहे, टेबलावरची." त्याचा आवाज खाली आला. "अगं, तो गाडीवाला कितीही बोलला तरी माझ्या कानातली तू पुसली जाणार नाहीस. तो बोलेल आणि मी म्हणेन, हा निरोप्या आहे, निरोप तिचा आहे. पण हिचं तसं नाही. हिला रोज ऐकत गेलो, तर सहा महिन्यांनी तुझा आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी हिचाच सांगेन. आणि ते मला कळणारसुद्धा नाही."

"आवाज काय घेऊन बसलात? मी असेन ना घरात."

"असशीलच. पण मला कशावरून कळतं, तू आहेस ते?"

त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेला धागा तिने तोडला. मनातून तिला अजूनही वाटत होतं, की हा जरा अतिच करतो आहे. आयुष्यभर बारीक चुका शोधल्या, की माणसाला सगळीकडे चुकाच दिसायला लागतात. हौसेने जमवलेला तो आवाज तिथेच सोडून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. पण ऐकायचं त्याला होतं. ती उठली, काळ्या टेबलाकडे गेली आणि दाढीवाल्याला म्हणाली, "हाच द्या."

दाढीवाल्याने आश्चर्य लपवलं आणि खोकं काढायला आत गेला. मुलीकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, पाठीवर सॅक लावलेला एक उंच तरुण. तो बॅटरीबद्दल काहीबाही विचारत होता.

बिलाच्या काउंटरवर पुढे तीन माणसं होती. दोघं रांगेत उभी राहिली. त्याचा डावा हात नेहमीसारखा तिच्या कोपरावर होता, आणि ती पर्समध्ये कार्ड शोधत होती. रुपेरी टेबल उजवीकडे, पाचसहा पावलांवर होतं.

"काहीही टाइप करा, वाचून दाखवतो हा," मुलगी त्या तरुणाला म्हणत होती. जमवलेला वेग, पट्टी, श्वासाची जागा, सगळं अजून तसंच होतं. पुसायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा पुसावंसं वाटलं नव्हतं.

तरुणाने दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं.

"किती वाजले?" यंत्राने विचारलं.

रांगेत तिच्या नवऱ्याने उजव्या हाताने डाव्या मनगटावरच्या घड्याळाची काच उघडली, बोटाने काटे चाचपले, आणि रुपेरी टेबलाकडे तोंड करून म्हणाला, "पावणेएक. भूक लागली का गं?"

ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तिचं कोपर त्याच्या हातात होतं.

"मी इथे आहे," ती म्हणाली.

मान वळवायला त्याला क्षणभर उशीर लागला.