चौथं मत

उपसरपंचाची निवड सोमवारी होती, म्हणून शुक्रवारीच मी माझे सदस्य सहलीला नेले. सहल म्हणजे काय, तर मढजवळच्या एका फार्महाऊसवर मटण-भाकरी खायची, फोन एका पिशवीत जमा करायचे आणि मतदानाच्या वेळी थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरायचं. सातांतले चार माझ्याकडे, मला धरून. एक जरी फुटला तरी खुर्ची समोरच्या गटाच्या चिमाजीची. या खुर्चीसाठी पंधरा वर्षं मी लोकांच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या, आता जोखीम कोण घेणार?

चौघांतली रत्ना एका दवाखान्यात नर्स. शिनोलीच्या अलीकडे आमचं छोटं गाव, त्यात ख्रिस्ती घर तेवढं तिचंच. तिची मला मुळीच काळजी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील वारले, तेव्हा त्यांना गायरानात पुरायला चिमाजी आडवा आला. शेवटी जुन्नरला न्यावं लागलं. खरं तर विरोधाचा तो अर्ज मीच लिहिला होता आणि चिमाजीला पुढे केलं होतं. निवडणूक तोंडावर होती ना, असल्या विरोधावर गावची मतं मिळायची. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे माझं आणि चिमाजीचं फाटलं, आणि रत्नाचा राग आयताच माझ्या कामी येईल असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी रत्ना घरी जाते म्हणाली. चिमाजीची आई साळुबाई, तिला शुगर, टाचेला मोठी जखम. रोजचं ड्रेसिंग रत्नाच करायची, शनिवारचं चुकलं होतं. मी नाही म्हटलं, वर चार शब्द सुनावले. दुपारी बघतो तर बाई गायब. फोन पिशवीतच ठेवून एसटीनं निघून गेली होती.

माझं डोकं फिरलं. गाडी काढली ती सरळ चिमाजीच्या अंगणात उभी केली. ओसरीवर रत्ना म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. चिमाजी वाटीतून कोमट पाणी आणत होता, तो मला बघून तिथंच थांबला.

"ज्यानं तुझ्या बापाला माती मिळू दिली न्हाई, त्याच्या दारात बसलीस व्हय?" मी विचारलं.

ती पट्टी सोडवत राहिली. साळुबाई कण्हली तसा तिच्या पोटरीवरून हात फिरवला आणि मग सावकाश बोलली.

"इसरले न्हाई, भगवंतभाऊ. रोज प्रार्थनेत दोन नावं घेते. आदी दातओठ खाऊन घ्यायचे, आता मायेनं घेते. येक चिमाजीभाऊंचं हाय."

दुसरं कुणाचं, हे मी विचारलं नाही. चिमाजीनं मान खाली घातली होती; त्यानंच तिला सांगितलं असणार. सगळं ठाऊक असूनही ही बाई मागच्या महिन्यात माझ्या तापानं फणफणलेल्या नातीच्या उशाशी बसून होती.

"माझ्या हातून लई वाईट झालं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "आता ती वाटी धरा. चिमाजीभाऊ पाय धरत्याल."

मी धरली.

मला मत द्यायचा शब्द तिनं आधीच दिला होता. सोमवारी तो पाळला, माझ्यासाठी हात वर केला. एका मतानं निवडून आलो. लोकांनी हार घातला, खुर्ची पुढे सरकवली, पण रत्नासमोर तीत बसायची मला लाज वाटली. हार गळ्यात तसाच ठेवून, उभ्या उभ्याच मी गावाला सांगितलं की तो अर्ज माझ्या हातचा होता.