येसूच्या हातातली चांदणी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे आणि मला तोंड नाही, हेच माझं दुखणं आहे. लोणावळ्याच्या कोंडाजी सुताराने माझ्या अंगात गोल, त्रिकोण, चांदणी अशा खोबणी कोरल्या आणि त्यांत नेमके बसणारे ठोकळे केले. जो ते झटपट बसवील, तो हुशार!

मी ज्यांच्या वर्गात होते, त्या रतनबाई मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांचे विद्यार्थी पुढे कारखान्यांत, डेपोंत कामाची माणसं पारखायला जाणार होते. बाई मला मायेने पुसायच्या आणि घसा सुकेपर्यंत सांगायच्या, "एका वेळी एकाच माणसाला फळीपुढे बसवा. माणूस अडला तर का अडला ते विचारा, मगच निकाल लिहा." पण त्यांच्यातल्या सोपानला घाई फार. "बाई, संशोधनाच्या पद्धती प्रोफेसरांना लागतात. आम्हाला नोकऱ्या करायच्यात!" सगळा वर्ग हसला. 

लढाईच्या दिवसांत सोपान देहूरोडच्या लष्करी डेपोत माणसं पारखायच्या नोकरीला लागला आणि मला सोबत घेऊन गेला. दारात ही रांग! रांग लवकर सरावी म्हणून त्याने माझ्यासारखीच दुसरी फळी करवली आणि दोघादोघांना समोरासमोर बसवायला सुरुवात केली.

एके दिवशी डोंगरावरच्या वाडीतले बारकूआबा आणि त्यांचा पुतण्या येसू आले. येसूच्या घरी चूल पेटायची मारामार होती. हे काम मिळालं तरच लेकरांच्या पोटात दोन घास जाणार होते. तो माझ्यापुढे बसला. काय हात होता हो त्याचा! सपासप ठोकळे बसले आणि चांदणी तेवढी राहिली. ती हातात धरून गडी थांबलाच की! समोर आबांची बोटं अजून चाचपडत होती, आणि जेवताना थोरल्याचं संपण्याआधी धाकट्याने हात धुवायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत.

अरे, बसव ना बाबा! मी आतल्या आत आक्रोश करत होते. सोपान्या, मेल्या, विचार की त्याला!

आबांचं झालं तेव्हा येसूने चांदणी टपकन बसवली. पण ठरलेली वेळ टळून गेली होती.

"दोघंही मंद. पुढचे या!" सोपान म्हणाला.

आबांनी पुतण्याकडे पाहिलं. "माज्यासाटी थांबलास व्हय रं?" मग ते सोपानपुढे वाकले. "सायेब, पाया पडतो. ह्याला येकदा येकटा बसवा."

सोपानने पुढच्या दोघांना हाताने खुणावलं.

"चला आबा," येसू म्हणाला. "तुमच्या आदी कसं संपवू मी?"

मित्रांनो, आता मी अडगळीत पडले आहे, वाळवी लागली आहे. मला पुसू नका, हवं तर चुलीत घाला. पण तुमच्यापुढे कुणी असा हात थांबवून बसला, तर आधी एवढं विचारा, "का थांबलास रे बाबा?" त्या दिवशी एवढंच विचारायचं होतं हो!