डोंगर पेटला तेव्हा

वनखात्याच्या माणसाने हात आडवा धरून तिन्ही मोटरसायकली थांबवल्या, तेव्हा काकूंना मनातून हायसंच वाटलं. पुढचा डोंगर पेटला होता. "आल्या वाटेने परत जा," तो खोकत म्हणाला. "आणि आजच. वारा फिरला तर आग इकडेही येईल." त्याच्या भुवयांवर राख बसली होती.

जवळच एक खानावळ होती, तिथे तिघं जाऊन टेकली. काकू रक्त तपासायची लॅब चालवायच्या. दरवर्षी उन्हाळ्यात त्यांचे यजमान आणि धाकटा दीर मोटरसायकलवर लांबलांब भटकायला जायचे. यजमान गेले, त्यांची अवजड गाडी मागे राहिली. "दादाची गाडी अशी धूळ खात पडू द्यायची का, वहिनी?" असं दिराने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, आणि पन्नाशी उलटल्यावर काकू गाडी शिकल्या. तिसरी होती दिराची लेक. जिभेने तिखट, म्हणून घरात सगळे तिला मिरचीच म्हणत. एका शाळेत ती भूगोल शिकवायची.

कॉफी आली. मिरचीने कपाला हातही लावला नाही.

"बाबा, पुढच्या वर्षीपासून मी येणार नाही. समोर डोंगर जळतोय आणि आपण निव्वळ हौसेखातर पेट्रोल जाळत फिरतोय. वर्गात हवामानाचा धडा शिकवते मी. कुठल्या तोंडाने शिकवायचा?"

"आपल्या तीन टाक्यांनी पेटला का हा डोंगर?" दिराचा आवाज चढला. "जगभर जहाजं, विमानं, कारखाने धूर ओकतायत. ते सोडून तू बापाच्या मागे लागलीस."

"ते माझं ऐकत नाहीत."

"आणि मी ऐकतो, म्हणून माझ्या डोक्यावर बसायचं?"

"प्रत्येकजण हेच म्हणतो, माझ्या एकट्याने काय होतंय. म्हणून तर ही वेळ आली."

"बरं, तू सोडलीस गाडी. काय होईल? तुला शांत झोप लागेल, एवढंच. डोंगराला काय त्याचं?"

"लागू दे की झोप! वाईट आहे का ती?"

शब्दाने शब्द वाढत गेला. काकू कॉफीचे घोट घेत होत्या. हा काथ्याकूट त्यांनी इतक्यांदा ऐकला होता, की पुढचं वाक्य कोणाचं हेही त्यांना पाठ झालं होतं. साखरेचा रिपोर्ट हातात पडला की लॅबमधली माणसंही असंच बोलायची. कोणी घरच्यांना बोल लावायचा, कोणी उद्यापासून गोड बंद म्हणून शपथ घ्यायचा. खोटं कोणीच बोलत नसायचं. साखर मात्र तिथेच असायची.

"ज्या रिफायनरीतल्या माझ्या पगारावर शिकलीस ना," दीर म्हणाला, "तिलाच नावं ठेव."

"हे किती वर्षं ऐकवणार, बाबा?"

"आता फार नाही ऐकवणार." त्याने कप उगाचच बशीत फिरवला. "आमचं युनिट बंद होतंय, वर्षअखेरीला. मशीनं उतरवून घ्यायचं काम माझ्याकडेच दिलंय. ती उतरवून झाली की मलाही उतरवतील."

मिरचीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

मिरचीने गार झालेला कप बाजूला सारला. मग ती पुटपुटली, "खरं तर मला आनंद व्हायला हवा. नाही होत."

दिराने काकूंकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तरी बोला. पुढच्या वर्षी आपण दोघं तरी निघू ना?"

काकूंचा जीव मेटाकुटीला आला होता. पाठ ठणकत होती, घसा धुराने खरवडला होता. नेहमीसारखं गोड बोलून वेळ मारून न्यायचं त्राणच उरलं नव्हतं.

"भावजी, मला मोटरसायकल आवडत नाही. कधीच आवडली नाही. हेल्मेटमध्ये जीव घुसमटतो माझा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून येत होते."

दिराने कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, माझे गुडघे कधीचे कामातून गेलेत. दादामागे तुम्ही एकट्या पडाल, म्हणून मी येत होतो!"

"म्हणजे," मिरची म्हणाली, "तुम्ही दोघांनी इतकी वर्षं एकमेकांच्या भिडेपोटी पेट्रोल जाळलंत?"

तिघांनाही हसू फुटलं. पण ते दमलेलं हसू होतं, खोकल्यातच विरलं.

तेवढ्यात खानावळवाला दारं ओढून घ्यायला लागला. त्यालाही निघायचं होतं. आगीमुळे बसगाड्या बंद होत्या, म्हणजे परत जायलाही गाड्याच लागणार होत्या. काकूंनी यजमानांची गाडी कशीबशी ढकलत खानावळीच्या मागच्या भिंतीला नेऊन लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"वहिनी, वारा फिरला तर ही जळेल."

"जळेल कदाचित," काकू म्हणाल्या. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. "मी मिरचीच्या मागे बसते."

मिरची सीटवर पुढे सरकली.

खाली गावातल्या पंपावर ही भली मोठी रांग होती. गाद्या, पिंजरे, म्हातारी माणसं टपावर नि आत कोंबलेल्या गाड्या. जो तो तिथून निघायला पेट्रोल मागत होता. दीर पुढे, ह्या दोघी मागे. मिरचीने इंजिन बंद केलं होतं; पुढचा सरकला की ती पायांनी गाडी रेटायची. काकू मागे बसल्या बसल्या पाय टेकवून हातभार लावत होत्या.

"काकू," मान न वळवता मिरची म्हणाली, "बाबा आईला सांगतील तेव्हा तुम्ही घरी याल?"

"येईन."

रांग थोडी सरकली. दोघींनी पाय टेकले आणि गाडी पुढे घेतली.