गोळ्याला लावलेली सुरी

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण त्याची लाज मला वाटली ती साठाव्या वर्षी.

त्या रविवारी आमच्या लेकीचे, आंकेचे, होणारे सासू-सासरे पहिल्यांदा जेवायला आले होते. म्हणजे बटाट्याचे गोळे हवेतच. आम्हा जर्मनीतल्या थुरिंगियाच्या लोकांचा गोळ्यांशिवाय रविवार होत नाही. सकाळपासून सहा किलो बटाटे किसले, कापडी पिशवीत घालून कचकचून पिळले, पाण्याच्या तळाशी बसलेलं सत्त्व परत कालवलं, वर उकडलेल्या बटाट्याचा गरम लगदा ओतून घोटलं. एकेका गोळ्याच्या पोटात लोण्यात तळलेले पावाचे तुकडे भरले. माझी थोरली बहीण, एडेलट्राऊडताई, खुर्चीत बसून नुसती बघत होती. पिळायचं काम जन्मभर तिचं. आई गेल्यावर मला शिकवलं तेही तिनंच. पण नाताळापासून तिचं एकच पालुपद, "तूच पीळ गं." म्हटलं, बाईसाहेबांना आता कंटाळा आलाय.

जेवायला बसलो. विहीणबाईंनी दोन काट्यांनी गोळा अलगद उघडला, आतून वाफ आली. "काय हलका झालाय हो!" मी फुशारले. आणि तेवढ्यात शेजारून बशीवर सुरी घासल्याचा आवाज आला. मांसासाठी ठेवलेली सुरी ताईनं गोळ्यात घातली होती!

आमच्याकडे गोळा काट्यांनी फोडतात. सुरी लावली की करणारीला तोंडावर सुनावल्यासारखं होतं: बाई, तुझा दगड झालाय.

"ताई! सुरी? माझ्या गोळ्याला? पाहुण्यांसमोर?"

"गुड्रुन, मला जरा..."

"जरा काय जरा? किसायला नको, पिळायला नको, आयतं गिळायला बसायचं आणि वर माझी शोभा करायची!"

ताईनं सुरी खाली ठेवली, हात मांडीवर घेतले आणि पुढे घासही खाल्ला नाही. कॉफीलासुद्धा थांबली नाही. "फुगू दे," असं मी माझ्या नवऱ्याला, फोल्कमारला, म्हणाले.

तिची शाल आमच्याकडेच राहिली होती. बुधवारी ती घेऊन गेले. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. स्वेटरची बटणं भलत्याच काजांत होती. तिनं अर्धाच कप कॉफी ओतली, दोन्ही हातांनी उचलली, तरी निम्मी टेबलावर सांडली. मी त्या हातांकडे बघतच राहिले.

"कधीपासून?"

"नाताळापासून. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार."

"मग बोलली का नाहीस मला?"

"रविवारी सांगणार होते. कॉफीच्या वेळी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "शाल धुऊन आणलीये." नको तिथे सुरीसारखी चालणारी माझी जीभ हवी तेव्हा टाळ्याला चिकटली.

"बरं केलंस," ताई म्हणाली.

पुढच्या रविवारी व्याह्यांना हातापाया पडून पुन्हा बोलावलं. ताईला आणायला फोल्कमारला पाठवलं. मी गेले असते तर ती आली नसती. सगळ्यांना वाढलं, बसले, सुरी उचलली आणि माझ्याच गोळ्याचे दोन तुकडे केले. विहीणबाईंचा काटा हवेतच राहिला.

"मागच्या वेळी याच टेबलावर मी ताईला नाही नाही ते बोलले," मी म्हणाले. "चूक माझी होती. सर्वस्वी माझी." तिच्या आजाराचं मी काढलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं.

ताईनं माझ्या बशीकडे पाहिलं. मग तिनं आपली बशी माझ्यापुढे सरकवली.

"माझाही काप," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हात थरथरतात माझे, मला नाही जमत. बारीक कर. तू लहान असताना मी तुला फोडून द्यायचे ना, तसा."

मी बारीक तुकडे करत राहिले. मान वर करायची हिंमत झाली नाही.